कवटीची ओरिजिनल

बंगळूर
१२ जून २००३

स्नेहे, जयभीम. आईलाही सांग.

मी हुबळीत नाही, बंगळूरला आहे. हुबळीची नोकरी सोडली. तिथला मालक चहात साखर मोजून घालायचा, अशा माणसाकडे किती दिवस काढायचे. नाक्यावर लासलगावचा कांद्याचा ट्रक भेटला, त्यावर बसलो. ड्रायव्हर सटाण्याकडचा, रस्ताभर अहिराणीत 'शे शे' करत त्याच्या सासऱ्याच्या विहिरीची भानगड सांगत होता. भारी भानगड आहे, पण ती नंतर. मुद्दा वेगळा आहे.

इथे मी रेकॉर्डच्या दुकानात लागलोय. कॅसेट नाही, सीडी नाही, फक्त काळ्या तबकड्या. मालक पन्नाशीचा, केसांची पोनी बांधतो आणि बोलताना डोळे मिटतो. माझं काम झाडायचं आणि विलायतेतून आलेली खोकी उघडायची. परवा खोक्यातून काय निघावं? आपली कवटी! ग्रेव्हफर्नेस या हेवी मेटल बँडची तीच रेकॉर्ड, तेच चित्र, डोळ्यांच्या खोबणीतून धूर. पण नवी छापलेली. हिला रीइश्यू म्हणतात. जुनी छपाई संपली की वीस वर्षांनी कंपनी तीच रेकॉर्ड परत काढते, थाळीसारखी जाड करते, वर सोनेरी चिठ्ठी डकवते आणि कंप्युटरवाली पोरं रांग लावतात. शिळी भाकरी तुपात तळून पंगतीत वाढायची, तसला धंदा.

मालकाने ती लावली. स्नेहे, थुंकावंसं वाटलं. ढोल म्हणजे पत्र्याच्या डब्यावर चमचा. गिटार म्हणजे डास. गाणारा तर असा घाईत, जसा काही मागून कुत्रं लागलंय. आपल्याकडच्या ओरिजिनलवर तोच माणूस विहिरीच्या तळातून बोलतो, खरं ना? गिटार सिमेंटच्या मिक्सरसारखी गरगरते. आणि ऐक, आपल्या कवटीची पहिली बाजू बावीस मिनिटं चालते, मी शंभरदा घड्याळ लावलंय. यांची अठरा मिनिटांत खलास. चार मिनिटं कापली चोरांनी! बाबा म्हणायचे ना, कॅसेटवाले टेप वाचवायला गाणं पळवतात. हे त्यांचेच भाऊ.

तू तेव्हा आठ वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. बाबा देवळाली कॅम्पातल्या बंगल्यातून ते रेकॉर्ड वाजवायचं अमेरिकन मशीन घेऊन आले ते भीमगीतं ऐकायला. बंगलेवाली म्हातारी मला म्हणाली, पोरा, ढिगातली एक उचल. मी कवटी उचलली. आई म्हणाली, भूत घरात नको. बाबा म्हणाले, भूत आपण मानत नाही, चित्र आहे ते. म्हणजे ती रेकॉर्ड माझी.

मी मालकाला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की तू विकतोस तो कचरा आहे, ओरिजिनल माझ्या घरी नाशिक रोडला आहे. ते सगळे हसले. मालकाने डोळे उघडले. म्हणाला, घेऊन ये. सतरा ऑगस्टच्या रविवारी दुकानात बैठक आहे, दोन्ही एकामागे एक लावू. तू म्हणतोस तसा फरक निघाला तर काउंटर तुझं आणि वरची खोली तुझी. नाही निघाला तर झाडू ठेवून चालायला लाग. मी हो म्हटलं. खोलीला खिडकी आहे. मी सध्या खोक्यांमध्ये झोपतो.

तेव्हा कवटी पाठव. नीट बांध.

रवीदादा

*

नाशिक रोड
२८ जून २००३

दादा, जयभीम.

चार महिन्यांनी पत्र, आणि त्यात आईच्या गुडघ्याची चौकशी नाही, कवटीची आहे. तुझी पत्रं मी आईला वाचून दाखवते. थुंकायचं वगैरे गाळते. त्यामुळे तुझं पत्र फार लवकर संपतं.

रेकॉर्ड तुझी, हे कोणी ठरवलं? दहावीला दोनदा आपटलास, तिसऱ्यांदा फॉर्म भरायचे पैसे घेऊन मनमाडला गाडी बदललीस, तेव्हा ती रेकॉर्ड इथेच राहिली. बाबा आजारी होते तेव्हा इथेच होती. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, अजून दर रविवारी आई म्हणते, पोराचं गाणं लाव. तिला त्यातलं काही कळत नाही. लसूण सोलत बसून ऐकते.

तरी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पाठव. पण परत यायला पाहिजे म्हणावं. त्याच्यासारखं करायचं नाय."

म्हणून पाठवते. दिनेशने प्लायवूडच्या दोन फळ्या कापून दिल्या, त्यांच्या मध्ये घालून बांधली आहे. हो, तोच तुझा मित्र दिनेश, ज्याला तू पेठचा बैल म्हणायचास. तो अंबडच्या कारखान्यात लेथवर कायम झाला. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते.

रविवारची तुझी जत्रा झाली की रेकॉर्ड परत. काउंटर मिळो न मिळो.

स्नेहा

*

बंगळूर
२० जुलै २००३

स्नेहे,

पार्सल मिळालं. फळ्या चांगल्या आहेत, बैलाला सांग. एका फळीचं मी फडताळ केलं.

कव्हरवरून हात फिरवला तर तोच वास. मालक दोन बोटांनी धरून बघत राहिला, मधल्या लेबलाच्या कडेला बारीक कोरलेला नंबर असतो तो भिंगाने वाचला. म्हणाला, पहिल्या छपाईतली आहे, खरी आहे. लेबलवर बाबांनी बॉलपेनने 'सहादू' लिहिलंय ते बघून मात्र त्याने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, ते माझे वडील, तोंड सरळ कर.

ती लावून बघितली नाही. तशी गरजही नाही, आणि दुकानाच्या मशीनला मालक कुणाला हात लावू देत नाही. आपल्याच आईला ओळखायला फोटो लागतो का? रविवारी सगळ्यांसमोरच लागेल.

इथे दुकानात येतात त्या लोकांबद्दल तुला काय सांगू. एक जण काळे कपडे घालून येतो, हातात खिळ्यांचा पट्टा, आणि संध्याकाळी सात वाजता त्याची आई मोटारीतून न्यायला येते. दुसरा म्हणतो रीइश्यूत 'तपशील' जास्त ऐकू येतो. तपशील! पंचनामा करायचाय का तुला? हेवी मेटल म्हणजे वजन, त्याला वजन नसेल तर सनई ऐक. ही माणसं कानाने ऐकत नाहीत, चिठ्ठी वाचून ऐकतात. मी बाराव्या वर्षापासून ओरिजिनल ऐकलीय, माझा कान तिथे तयार झालाय. माझ्याकडे दुसरं काही नाही, हे एक आहे.

कालच एक बाई कुत्र्याला रेकॉर्ड ऐकवायला घेऊन आली होती. कुत्र्याने रीइश्यूवर जांभई दिली. बस, एवढंच.

रवीदादा

*

नाशिक रोड
६ ऑगस्ट २००३

दादा,

हे पत्र स्पीडपोस्टने टाकते आहे. पूर्ण वाच, मध्येच तुझा तो कांदेवाला ड्रायव्हर आठवू देऊ नकोस.

रविवारी ती रेकॉर्ड लावू नकोस. काहीतरी कारण सांग. तडा गेला म्हण.

मशीनच्या मोटरला जळका वास यायला लागला म्हणून मी ते उलटं करून उघडलं. खाली पत्र्याची पट्टी आहे. एकशे सतरा व्होल्ट, साठ सायकल. बाबांनी भंगारबाजारातून ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्टचं भागवलं. सायकलचं कुणाच्या लक्षात आलं नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. ही मोटर त्या हेलकाव्यांवर चालते. तिकडे तिच्या सहा फेऱ्या होतात तेवढ्या वेळात इथे पाच होतात. मी रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला तेहतीस फेऱ्या पाहिजेत, आपल्या अठ्ठावीससुद्धा भरत नाहीत. दिनेशला मोजायला लावलं, त्याचेही तेवढेच आले.

म्हणजे तुझ्या चोरांनी काही कापलेलं नाही. त्यांची अठरा मिनिटं खरी आहेत. आपण बारा वर्षं त्यांची बावीस करून ऐकली. गाणारा विहिरीत नव्हता. मशीन हळू फिरत होतं. चांगल्या मशीनवर तुझी ओरिजिनलसुद्धा डासासारखीच वाजणार.

मलाही खरं वाटत नव्हतं. मोटरच्या दांड्यावर चिकटपट्टीचे वेढे देत गेले, दांडा जाड झाला की चक्र जोरात फिरतं, बरोबर तेहतीस भरेपर्यंत दिले. मग बाबांची भीमगीतांची रेकॉर्ड लावली. तुला आठवत असेल, जयंतीला बाबा तेच गाणं म्हणायचे आणि कॉलनीतले लोक हसायचे, सहादूचं कडवं संपेपर्यंत मिरवणूक बिटको चौकात पोचते. बाबा म्हणायचे, तुम्ही कॅसेटवर शिकलात, मी रेकॉर्डवर शिकलो.

आई आतून हात पुसत आली. म्हणाली, "कोणाचं लावलंस?"

मी म्हटलं, बाबांचंच.

"नाय. हा माणूस घाईत आहे. बंद कर."

मी चिकटपट्टी काढून टाकली. मोटर साफ केली, वास गेला. मशीन होतं तसं हळू चालतं आहे. दिनेश म्हणाला की दांड्यावर बसवायची बरोबर मापाची पुली लेथवर अर्ध्या तासात होईल. मी नको म्हटलं.

तू सगळ्यांसमोर कचरा, चोर वगैरे बोलून बसला आहेस. तुझं हसं व्हायला मला आवडलं असतं, पण असं नाही. लावू नकोस.

स्नेहा

*

बंगळूर
१३ ऑगस्ट २००३

स्नेहा,

आयटीआयचं दुसरं वर्ष आणि निघाली आम्हाला वीज शिकवायला.

मला सगळं कळतंय. दिनेशने तुझ्या डोक्यात भरवलंय. तो पहिल्यापासून कवटी ऐकताना कानात बोटं घालायचा. मी इथे खिडकीच्या खोलीत राहायला जाणार हे त्याला बघवत नाही, आणि तुलाही नाही. चिकटपट्टी गुंडाळून कोणी मशीन तपासतं का? उद्या वरणात थर्मामीटर घालशील. आणि वर लिहितेस, तडा गेला म्हण. मी खोटं बोलू? रवी सहादू काय आहे ते सतराला कळेल. तुलाही.

मोटर उघडायला कोणी सांगितलं होतं.

रवी

*

बंगळूर
९ सप्टेंबर २००३

स्नेहे, जयभीम.

कामात होतो. बैठक छान झाली. वरच्या खोलीत राहायला गेलो, खिडकीतून पिंपळ दिसतो आणि एका दाताच्या डॉक्टरची पाटी दिसते. काउंटरवर उभा असतो.

ठरल्याप्रमाणे कवटी परत पाठवली आहे, वेगळ्या पार्सलने. एक फळी कमी आहे. आईला ऐकव. मशीन आहे तसंच राहू दे, उगाच खोलू नकोस.

आईचा गुडघा कसा आहे?

रवीदादा

*

नाशिक रोड
२३ सप्टेंबर २००३

दादा,

आईच्या गुडघ्याची चौकशी वाचली तेव्हाच मला कळलं होतं. पार्सल नंतर उघडलं.

रेकॉर्ड थाळीसारखी जाड आहे. तूच तर लिहिलं होतंस, त्या जाड असतात. लेबलवर बाबांचं नाव नाही. सोनेरी चिठ्ठी काढलीस त्याचा चिकट चौकोन राहिलाय, त्यावर धूळ बसली. आणि कव्हरचे कोपरे पॉलिशपेपरने घासलेस. दादा, चारही कोपरे सारखे घासलेस. बाबा कव्हर नेहमी उजव्या हाताने उजव्या वरच्या कोपऱ्याला धरायचे. बाकीचे तीन कधी झिजलेच नव्हते. फसवायचं होतं तर निदान आठवून फसवायचं.

रविवारी आई म्हणाली, पोराचं गाणं आलं ना, लाव. मी लावली. आता ऐक. बावीस मिनिटं. तोच मिक्सर, तोच विहिरीतला माणूस. तुझा कचरा आपल्या मशीनवर तुझ्या ओरिजिनलसारखाच वाजतो, एका खरखरीचा फरक नाही. खरं तर खरखर कमी आहे. तुझा कान तयार झालाय म्हणे. माझाही तिथेच झालाय, आणि मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

ओरिजिनल कुठे आहे?

स्नेहा

*

बंगळूर
५ ऑक्टोबर २००३

स्नेहे,

सरळ लिहितो. दोनदा वळणं घेऊन लिहिलं आणि फाडलं.

सतराला दुकानात वीस-बावीस माणसं होती. आधी रीइश्यू लावली. मग मालकाने आपली लावली. पहिला ठोका पडला आणि मला कळलं. डबा आणि चमचा. डास. तोच घाईतला माणूस. तू लिहिलेलं सगळं. खिळ्यांच्या पट्ट्याचा पोरगा म्हणाला, ओरिजिनलमध्ये थोडा जीव जास्त वाटतो. मला त्याचीच सगळ्यात जास्त चीड आली, कारण तो मला सांभाळून घेत होता.

मग मी काय केलं सांगतो. उठलो, मशीनजवळ गेलो आणि फिरत्या चकतीच्या कडेला बोट लावलं. मालक ओरडला. मी हळूहळू दाबत गेलो आणि एका जागी आवाज खाली उतरला, गाणारा विहिरीत गेला. मी म्हटलं, हे. ही ओरिजिनल. सगळे एवढे हसले की एक बाई खोकायला लागली. बोट निसटलं तर परत डास.

मालकाने मला हाकललं नाही. तेच वाईट झालं. सगळे गेल्यावर म्हणाला, अशा मशीनवर वाढलास, तुझी चूक नाही. मग म्हणाला, पहिल्या छपाईची रेकॉर्ड ऐकायला नसते रे, जवळ असायला असते. मला दे. काउंटर घे, खोली घे, घरी पाठवायला नवी रेकॉर्ड घे. मी दिली. दहा मिनिटंसुद्धा विचार केला नाही. मला वाटलं, आता तिच्यात काय राहिलंय, ती तर रीइश्यूसारखीच निघाली. बाबांचं नाव त्याने स्पिरिटने पुसलं. मी कापूस आणून दिला.

पॉलिशपेपरही माझाच.

आता ती काउंटरच्या मागे भिंतीवर आहे, काचेत. तो ती कधीच लावणार नाही. मी रोज तिच्याकडे पाठ करून रीइश्यू विकतो, तपशील किती छान ऐकू येतो ते सांगतो. गिऱ्हाइकं डोळे मिटून मान हलवतात. मीही मिटायला शिकलोय. परत मागितली होती, एकदा. तो म्हणाला, सौदा तो सौदा.

एक काम कर. आईला तू सांग. मी दिवाळीला यायचं म्हणतोय, पण ती दारात विचारेल आणि माझ्याने बोलवणार नाही. तू आधीच सांगून ठेव, म्हणजे मी आल्यावर तो विषय झालेला असेल.

रवी

*

नाशिक रोड
१४ ऑक्टोबर २००३

दादा,

हे मुद्दाम पोस्टकार्डावर लिहिते. तिकडे कोणाला मराठी वाचता येत असेल तर त्यालाही वाचू दे.

मी सांगणार नाही. परवा आईने ती जाड रेकॉर्ड कव्हरमधून काढली, दोन्ही हातांत तोलून बघितली, मधल्या लेबलवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. तिला कळलं आहे. ती तुझ्या तोंडून ऐकायला थांबली आहे.

कर्नाटक एक्सप्रेस मनमाडला थांबते. येऊन सांग. नसेल जमत तर खिडकीतून दाताच्या डॉक्टरची पाटी वाचत बस.

स्नेहा